डब्यातलं काळं पान फार झणकतं? पेरीकचा ठसका आवरायचे उपाय

व्हर्जिनिया-पेरीकचा, म्हणजे साध्या व्हर्जिनिया पानात मुरवलेलं काळं पेरीक पान मिसळलेल्या पाइपच्या तंबाखूचा डबा उघडला, पाइप भरला, आणि चौथ्या-पाचव्या झुरक्यालाच नाकात मिरपूड गेल्यासारखं झालं. घसा खवखवतो, जिभेचं टोक हुळहुळतं, कधी उचकी लागते. डबा बाहेरून मागवलेला, महागाचा. टाकून द्यायला जीव होत नाही आणि ओढवतही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ही तक्रार जून लागला की वाढते आणि दिवाळीनंतर आपोआप कमी होते. अर्धं उत्तर यातच आहे, कारण डब्यातलं पेरीक काही ऋतूप्रमाणे बदलत नाही.

तिखट म्हणजे नेमकं कुठलं?

आपण तीन वेगळ्या गोष्टींना ‘तिखट लागतं’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

पहिलं म्हणजे भाजणं. उकळत्या चहाने पोळल्यासारखी जीभ आणि टाळू, दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबरची चटणीही झोंबते. हे वाफेचं आणि घाईचं काम आहे, पेरीकचा त्यात फारसा हात नसतो. दुसरी झणझण. ती नाकातून धूर सोडताना आणि घशाच्या वरच्या अंगाला जाणवते, मिरी चावल्यासारखी, आणि काही मिनिटांत ओसरते. हे खरं पेरीक. तिसरा निकोटीनचा तडाखा. जीभ ठणठणीत असते, पण पोटात ढवळतं, कपाळावर थंड घाम येतो, डोकं हलकं होतं.

कुठलं ते ठरवायला तीन पाइप ओढावे लागतात, तीन वेगळ्या दिवशी, एकाच पाइपमध्ये, शक्यतो एकाच वेळेला. पहिल्या दिवशी डब्यातला तंबाखू जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी तेवढाच तंबाखू नीट वाळवून. तिसऱ्या दिवशी वाळवलेल्यातले काळे धागे चिमट्याने वेचून काढून. दुसऱ्या पाइपला त्रास गेला तर दोष पाण्याचा. तिसऱ्यालाच गेला तर दोष काळ्या पानाचा. तिन्हींत पोट ढवळलंच तर मिश्रणात बर्ली (हवेत वाळवलेला कडक तंबाखू) किंवा धुरावर पिकवलेला केंटकी आहे का ते डब्यावर वाचा. चकत्यांचा किंवा वडीचा तंबाखू असेल तर आधी बोटांनी पूर्ण मोकळा करून घ्या, नाहीतर वेचता येणार नाही.

काळं दिसेल ते सगळं पेरीक नव्हे

डब्यात तीन प्रकारचं काळं पान सापडतं. चिमूटभर वेगळं काढा, तळहातावर चोळा आणि हुंगा. चुलीच्या धुराचा, डांबरासारखा वास आला तर ते लताकिया. ते धुरकट असतं, तिखट नसतं. गोडसर, काकवीसारखा वास आला तर ब्लॅक कॅव्हेंडिश. ते बिचारं उलट मऊपणा आणतं. आंबूस, अंजीर-मनुका-आमसुलाच्या मधला वास आला आणि बोटाला किंचित तेलकट लागलं तर ते पेरीक. ही ओळख न करता लोक कॅव्हेंडिश वेचून टाकतात आणि मिश्रण आणखी तिखट झालं म्हणून हैराण होतात.

पेरीक असं का लागतं हे त्याच्या घडणीत आहे. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, सेंट जेम्स पॅरिशमध्ये, ग्रँड पॉइंट आणि कॉन्व्हेंटच्या आसपास ते तयार होतं. पान वाळवून, शिरा काढून, जुड्या करून व्हिस्कीच्या ओक पिंपांत ठासतात आणि वरून स्क्रूच्या जॅकने दाबतात. रस सुटतो, पुन्हा पानात जिरतो. मधूनमधून पिंप उघडायचं, पान उलटंपालटं करून हवा द्यायची, परत दाबायचं. असं किमान वर्षभर. वर दगड ठेवून मुरवलेलं लोणचंच म्हणा. आणि लोणचं जसं भाजीच्या जागी कुणी वाढून घेत नाही, तसं नुसतं पेरीक सहसा कुणी पाइपात भरत नाही. बहुतेक मिश्रणांत ते थोडक्या टक्क्यांतच असतं. पंधराच्या वर गेलं की नवख्याला जड जातं.

पाणी: सगळ्यात जास्त गडबड इथे

डब्यातला तंबाखू ओढण्यासाठी नव्हे, टिकण्यासाठी ओला ठेवलेला असतो. तो जाळताना आधी पाणी उकळतं, वाफ नळीतून थेट जिभेवर येते. शिवाय ओला तंबाखू सारखा विझतो, म्हणून आपण जोरात ओढतो, त्यामुळे विस्तव जास्त तापतो, आणि तापलेल्या विस्तवात पेरीकची झणझण दुप्पट वाटते. म्हणजे पाणी कमी केलं तर भाजणं आणि झणझण दोन्ही एकदम उतरतात. मिश्रणाला हात लावण्याआधी हे करायलाच हवं.

ओढायला साधारण 12 ते 14 टक्के ओलावा बरा. घरी तो थेट मोजता येत नाही, पण वजनाने अंदाज येतो. डब्यातला ओलावा 20 टक्के धरला तर 10 ग्रॅम तंबाखूत 8 ग्रॅम कोरडं पान असतं, तो 9.2 ग्रॅम भरेपर्यंत वाळवला की 13 टक्क्यांवर आला. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घेऊन ठेवा, पुढेही लागणार आहे. काटा नसेल तर चिमूट दाबून सोडा: गोळा तसाच राहिला तर ओला, हळूहळू उलगडला तर बरोबर, कुरकुरून मोडला तर जास्त वाळला.

आता पावसाळ्याची गोष्ट. सगळीकडे सल्ला एकच असतो, ताटलीत पसरा आणि तासभर ठेवा. अथणीत एप्रिलमध्ये हे पंधरा-वीस मिनिटांत होतं. खानापुरात जुलैमध्ये मात्र उलटं होतं: हवेतच एवढा दमटपणा असतो की पसरलेला तंबाखू पापडासारखा सादळतो. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास असेल तर तंबाखू आपोआप 12-13 टक्क्यांवर येऊन थांबतो. 85-90 टक्के असेल तर तो डब्यातल्यापेक्षाही ओला होतो. म्हणून आषाढ-श्रावणात यांतलं काहीतरी करा:

तवा तापवा, गॅस बंद करा, तवा हात टेकवता येईल इतका निवला की त्यावर ताटली आणि ताटलीत एका पाइपापुरता, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम तंबाखू पातळ पसरा. दहा मिनिटांत दोनदा हलवा. तवा जास्त गरम असेल तर पेरीकचा अंजिरासारखा वास आधी उडतो आणि झणझण मागे राहते. म्हणजे नेमकं नको ते उरतं.

किंवा लिटरभराच्या घट्ट झाकणाच्या डब्यात खाली सिलिका जेलच्या 10 ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या, वर वाटीत तंबाखू. अर्ध्या अर्ध्या तासाने बघा. रात्रभर विसरलात तर सकाळी भुसा मिळेल.

उन्हाळ्यात अथणी-रायबाग बाजूला अडचण नेमकी दुसरी असते. उघडलेला डबा आठवड्यात कडकडीत होतो आणि असा तंबाखू गवतासारखा भडकून तिखट लागतो. बरणीच्या तोंडावर ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं बांधा, पान मऊ झालं की काढा. बटाट्याची फोड, संत्र्याची साल असले प्रकार नकोत, त्यांनी बुरशी येते. पांढरा, कापसासारखा तंतुमय थर आणि कोंदट वास म्हणजे बुरशीच. सगळी बरणी टाकायची, वरचं खरवडून चालत नाही.

ओढण्याचा वेग

3 ग्रॅमचा पाइप सावकाश ओढणाऱ्याला तासभराच्या आसपास पुरतो. तुमचा 25 मिनिटांत संपत असेल तर मिश्रणाला दोष देऊ नका. पाइप गालाला लावून बघा. लावून ठेवता येत नसेल तर खाली ठेवा, विझू दे, निवला की पुन्हा पेटवा. पुन्हा पेटवण्यात कमीपणा काही नाही. चुलीतला विस्तव राखेखाली नुसता जिवंत ठेवतात, तेवढीच धग हवी. भरताना तळ सैल, वरचा थर जरा दाबून. ओढून बघा, शहाळ्याला लावलेल्या नळीतून पाणी ओढायला जेवढा जोर लागतो तेवढाच लागला पाहिजे.

धूर तोंडातच ठेवायचा, छातीत घ्यायचा नाही. नाकातून सोडायचा तर तोंडातला बहुतेक धूर आधी बाहेर टाका आणि उरलेला चिमूटभर नाकातून जाऊ द्या. पेरीकचा सगळा सुगंध नाकातच कळतो, म्हणून नाक पूर्ण बंद करणं हा तोट्याचा सौदा. मात्रा कमी करा.

शेवटचा एक तृतीयांश भाग नेहमी जास्त तिखट. वरून जळताना सुटलेलं पाणी, डांबर, रस सगळं खाली साचतं. साधा उपाय म्हणजे तिथेच थांबून झटकून टाकणं. दुसरा, जास्त चांगला: भरताना तळाला अर्धा ग्रॅम नुसता व्हर्जिनिया घालायचा आणि त्यावर मिश्रण. कागदी किंवा कोळशाच्या 9 मिलिमीटर फिल्टरचा पाइप असेल तर वाफ बरीच अडते. मात्र चवही थोडी जाते.

जेवलात काय?

आपल्या भागात हे विचारल्याशिवाय निदान पुरं होत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन आणि उष्णता तोंडातल्या एकाच संवेदकाला चेतवतात. दुपारी खर्डा-भाकरी किंवा तांबडा रस्सा झाल्यावर ती यंत्रणा आधीच जागी असते आणि साधा कोमट धूरही पोळतो. तिखट जेवणानंतर तास-दीड तास थांबा, दहीभात किंवा ताकाने तोंड शांत करा. पान खाल्लं असेल तर आणखी सावध; चुन्याने तोंडाच्या आतलं कातडं सोललं गेलेलं असतं आणि त्यावर पेरीक म्हणजे जखमेवर मीठ. जीभ एकदा भाजली की तीन-चार दिवस पाइप बंद. याला दुसरा इलाज नाही.

मिश्रण पातळ करणं

वरचं सगळं करूनही झणझण राहिली तर मगच काळ्या पानाचं प्रमाण उतरवा. वर्षाची चटणी करताना रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी अंदाजाने नव्हे, तोलून घेतात, इथेही तसंच. फक्त किलोच्या जागी ग्रॅम.

आधी पेरीक किती आहे ते बघा. डब्यावर टक्केवारी क्वचितच छापतात. मोकळ्या कापाच्या मिश्रणातले 5 ग्रॅम पांढऱ्या कागदावर पसरा, पेरीकचे धागे वेचा, तोला. 0.75 ग्रॅम निघाले तर 15 टक्के. डोळे दुखतात, पण एकदाच करायचंय. मग हिशेब असा: मूळ वजनाला (जुनी टक्केवारी भागिले हवी असलेली टक्केवारी, वजा 1) ने गुणा. 50 ग्रॅमच्या डब्यात 20 टक्के असेल आणि 8 वर आणायचं असेल तर 20 भागिले 8 म्हणजे 2.5, वजा 1 म्हणजे 1.5, आणि 50 गुणिले 1.5 म्हणजे 75 ग्रॅम साधा तंबाखू लागेल. वेचणं शक्य नसेल तर 10 ग्रॅमला 5 ग्रॅम भर घातल्यावर तिखटपणा दोन तृतीयांशावर येतो, 10 घातल्यावर निम्म्यावर. पूर्ण डब्यात कधी ओतू नका. 10 ग्रॅमचा नमुना आधी करून बघा.

भर कशाची घालायची यावर सगळं अवलंबून आहे. लाल, मुरलेला व्हर्जिनिया सगळ्यात चांगला, कारण मूळ मिश्रणाचा पायाही बहुधा तोच असतो. पिवळाधमक लिंबू व्हर्जिनिया मात्र एकट्याने घालू नका. त्यात साखर जास्त, धूर आंबट, आणि तो स्वतःच जीभ चावतो. मग पेरीक कमी होऊनही तक्रार तशीच राहते आणि माणूस म्हणतो, उपाय खोटा. वास न लावलेला ब्लॅक कॅव्हेंडिश एकूण मिश्रणाच्या 15-20 टक्क्यांपर्यंत घातला की धार बोथट होते. त्यावर गेलात तर सगळं काकवीसारखं सपक. व्हॅनिला-चेरीचा वास मारलेला तंबाखू यात घालणं म्हणजे पिठल्यात गुलकंद.

हातात फक्त पिवळा व्हर्जिनिया असेल तर तो आधी वाफवा. जुन्या इडलीपात्रात, स्वच्छ सुती फडक्यात बांधून, मंद आचेवर किमान तीन तास. पाणी आटू देऊ नका. पान काळपट होतं, धार जाते. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही आणि ओला तंबाखू हाताळताना हातमोजे घालायचे, कारण ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून शिरतं; निपाणीकडे पान खुडणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पेरीकच वाफवून सौम्य करायचा मोह टाळा. तिखटाआधी त्याचा सुगंध जातो.

मिसळताना दोन्ही तंबाखूंचा ओलावा सारखा असू द्या, नाहीतर एकातलं पाणी दुसऱ्यात जातं आणि आठवड्याने वजनाचा हिशेब फसतो. हाताने मोकळं कालवा, रबरी वायसरच्या काचेच्या बरणीत भरा, वर तारीख आणि प्रमाण लिहून चिकटवा. दुसऱ्या दिवशीच ओढून निकाल लावू नका; दोन पानं वेगवेगळी लागतील. निदान दोन आठवडे. घाई असेल तर दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये ठेवून सुताराच्या शिकंज्याने रात्रभर दाबा, सकाळी मोकळं करा. ही सोय खरोखर कामाची आहे. बरणी पत्र्याच्या माळ्यावर नको. एप्रिलमध्ये तिथे भट्टी होते.

निपाणीचं पान घालू का?

हा प्रश्न इथे येणारच, वखार दाराशी असताना व्हर्जिनिया शोधत कोण फिरेल! उत्तर: पातळ करायला नको. निपाणीचा तंबाखू विडीचा, उन्हात वाळवलेला, शेंडा खुडून पानात जोर आणलेला. त्यात साखर कमी आणि निकोटीन भरपूर. एका विडीत तो साधारण 0.2 ग्रॅम असतो. पाइपात 2.5 ग्रॅम भरला म्हणजे एका बैठकीत डझनभर विड्यांचा तंबाखू. वर त्यातली भुकटी तळाशी बसून नळी तुंबवते. सिगारेटी फोडून व्हर्जिनिया मिळवणं हाही फसवा मार्ग आहे. काप इतका बारीक असतो की तो कागदासारखा भरभर जळतो आणि पाइपची वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, तापते.

पेरीकऐवजी झणझणीतपणासाठी म्हणून निपाणीचं पान वापरून बघायचंच असेल तर पिठाच्या चाळणीने भुकटी काढा, जाड शिरा वेचा आणि 10 ग्रॅम साध्या व्हर्जिनियात 0.2 ते 0.3 ग्रॅमपासून सुरुवात करा. अंजिराचा वास त्यातून येणार नाही, फक्त जोर येईल.

पोट ढवळलं तर

तंबाखू चुन्याबरोबर मळल्यावर जास्त का चढतो? चुना अल्कधर्मी, त्यामुळे निकोटीन मोकळं होऊन गालाच्या आतून पटकन रक्तात जातं. पाइपातही हेच: बर्ली आणि काळ्या, हवेत किंवा उन्हात वाळवलेल्या पानांचा धूर व्हर्जिनियापेक्षा अल्कधर्मी, म्हणून छातीत न घेताही चढतो. असा तंबाखू रिकाम्या पोटी ओढू नये, वाटी लहान घ्यावी, दीड ग्रॅमची. गरगरलं तर लगेच थांबा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या. गुळाचा खडा किंवा चमचाभर कुंदा तोंडात टाकल्यावर पुष्कळांना बरं वाटतं. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड वाढली तर डॉक्टर गाठा. आणि हे स्पष्टच सांगायला हवं की इथले सगळे उपाय चवीचे आहेत. सौम्य लागणाऱ्या धुराने तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होत नाही.

तंबाखू बदलला तरी झणझण जात नाही

मग पाइप धरून बसलाय. वाटीच्या आतला कोळशाचा थर रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर बोथट सुरीने किंवा रीमरने (वाटी खरवडायच्या हत्याराने) गोल फिरवत तेवढाच ठेवा. लाकूड उघडं पाडू नका. नळी काढून बाजूला ठेवा, कारण अॅक्रिलिकची नळी दारूने धुरकट होते. वाटीत कापूस सैल भरा, ड्रॉपरने कडक रम किंवा व्होडका कापूस भिजेल इतकीच घाला, काठावर ओघळ नको, नाहीतर पॉलिश जातं. हार्डवेअरच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट कदापि नाही. त्यात विषारी मेथॅनॉल असू शकतं. रात्रभर उभा ठेवा. सकाळी कापूस तपकिरी निघेल. फार काळा निघाला तर पुन्हा एकदा. मग पाइप क्लीनर दोन्ही बाजूंनी फिरवून तीन दिवस सावलीत वाळू द्या, पावसाळ्यात पाच. त्यानंतरचे पहिले दोन पाइप नुसत्या व्हर्जिनियाचे, अर्धी वाटी भरून.